ज्वारीत पुरलेली चांदी

मे महिन्यात पुण्याचं माणूस वऱ्हाडात जात नाही. ज्यांची तिकडे सोयरीक आहे तेसुद्धा दिवाळीची वाट बघतात. मी मात्र साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात आपणहून गेले, आणि तेही पत्र्याच्या पेटीत काचेच्या बाटल्या भरून. घरच्यांनी वेड लागलं का म्हणून विचारलं. आता नाकाची साल निघालेली आहे, कपाळ भाजल्यासारखं दिसतं आहे, आणि तरी पुन्हा जावंसं वाटतं आहे, तेव्हा लागलंच असणार.

त्या वेडाचं मूळ अंड्यात होतं. मी प्राणिशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी. कोंबडीचं पिल्लू अंड्यात घडत असताना त्याच्या मज्जारज्जूतून बारीक तंतू बाहेर पडतात आणि स्नायूंच्या दिशेने वाढत जातात. हे मज्जातंतू नुसते पाहून दिसत नाहीत. गर्भ चांदीच्या क्षाराच्या द्रावणात चार दिवस ठेवावा लागतो, मग चांदी तंतूंना धरते आणि ते काळे होऊन दिसतात. त्यातही गंमत अशी, की अगदी कोवळ्या तंतूला चांदी धरतच नाही. काही तास जावे लागतात. आमचे सर म्हणत, वाढीला लागलेल्या तंतूत त्या सुमाराला एखादं प्रथिन तयार होत असणार आणि चांदी त्याला चिकटत असणार. ते प्रथिन कोणतं हे ओळखण्याची साधनं आमच्यापाशी नव्हती. निदान ते कोणत्या तासाला उगवतं तेवढं शोध, असं सरांनी मला सांगितलं होतं.

दोन वर्षांत मी अकरा वेळा प्रयोग केला आणि अकराही वेळा तंतूंसकट अख्खं पिल्लू काळं झालं. सर मोठ्याने कधी बोलत नाहीत. त्यांनी चष्मा पुसत एवढंच सांगितलं, की जूनअखेर एक तरी स्वच्छ काच दिसली नाही तर विषय बदलायचा; मुळा नदीतल्या गोगलगायींचं वर्गीकरण कोणी घेतलेलं नाही. गोगलगायींशी माझं वैर नाही, पण त्या रात्रभर माझ्या उशाशी चालत होत्या. मग सरांच्या एका मित्राने अमरावतीहून आणलेली काच मी पाहिली. पिवळसर स्वच्छ पार्श्वभूमी आणि तिच्यावर काळे, सुटे तंतू. करणाऱ्याचं नाव विचारलं तर ते कोणी प्राध्यापक नव्हते, तिथल्या एका कॉलेजातले प्रयोगशाळा सहायक होते. नाव तायडे.

अमरावती

बडनेऱ्याला गाडी सोडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन पुण्यातल्या दुपारी एक वाजताच्या उन्हासारखं होतं. टांगेवाल्याने माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि आपला जादा पंचा ओला करून माझ्या हातात दिला. पुण्यात कोणी असा पंचा दिला असता तर मी शिष्टाचार म्हणून परत केला असता. इथे मुकाट्याने डोक्याला बांधला आणि त्याच अवतारात कॉलेजात शिरले.

तायडे पस्तिशीचे, सडपातळ, खिशाला दोन पेनं. माझ्या सरांची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुढची दहा मिनिटं काचा पुसत राहिले. शेवटी मीच विचारलं, की तुमची उबवणीची पेटी कुठे आहे. चांदीच्या द्रावणाला चार दिवस अंधार आणि एकसारखी ऊब लागते. आमच्याकडे त्यासाठी परदेशी पेटी होती आणि वीज गेली की ती आमच्याइतकीच थंड पडायची.

तायड्यांनी टेबलाखालून तेलाचा रिकामा डबा ओढला. तो ज्वारीने भरलेला होता. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि काळा कागद गुंडाळलेली एक बाटली वर काढली.

"बिजली जाते, बाई. जवारी कुठी जात नाई."

मी आयुष्यात इतकी हसले नव्हते आणि इतकी खजीलही झाले नव्हते. उन्हाळ्यातल्या वऱ्हाडात दाण्यांच्या पोटात दिवसरात्र जवळजवळ अंगाएवढी ऊब असते, अंधार तर असतोच. त्यांनी लहानपणी आईला धान्याच्या कणगीत कच्चे आंबे पुरताना पाहिलं होतं, त्यावरून सुचलं. पण खरी कणगी गावाकडे होती, दर्यापूरच्या बाजूला. डब्यातलं काम ठीक, कणगीतलं काम अव्वल, असं ते म्हणाले. त्यांची सुट्टी सुरू होत होती. आधी अकोल्याला जाऊन अंडी घ्यावीत, तिथून गावी जावं, असा त्यांचा बेत आणि मला आमंत्रण एवढंच: "पाह्याचं असन तं चला." एकट्या बाईने असं जावं का, याचा विचार मी रात्री खोलीवर करायचा ठरवला आणि उष्म्याने झोप लागून गेली, त्यामुळे तो राहिलाच.

अकोला

अकोल्याच्या बसमध्ये कापसाचा भुगा अजून खिडक्यांना चिकटलेला होता. हंगाम संपून महिने झाले तरी हे शहर कापूस अंगावरून झटकत नाही. दुपारी खानावळीत कळण्याची भाकर आणि ठेचा आला. कळण्याची म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. ती मला फार आवडली. ठेच्याबद्दल मी लिहीत नाही. वाढणाऱ्याने माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून न मागता गूळ आणून ठेवला.

शेतीच्या कॉलेजमागच्या कोंबडीशाळेत रहीमभाई अंडी उबवायचं काम बघत. प्रत्येक अंड्यावर त्यांनी पेन्सिलीने दिवस आणि वेळ लिहिलेली असायची. मी बहात्तर तासांची अंडी मागितली तेव्हा त्यांनी एक उचललं, दिव्यासमोर धरलं आणि परत ठेवलं. "बाई, हे सत्तरचं हाय. दो घंटे बैठ जाओ, मंग देतो." पुण्यात मला 'तीन दिवसांची' म्हणून अंडी मिळत आणि तो तिसरा दिवस कधी सकाळी संपे तर कधी संध्याकाळी. मी दोन तास बाकावर बसले आणि माझ्या अकरा अपयशांपैकी निदान चारांचा उलगडा तिथेच झाला.

अठ्ठेचाळीस, साठ आणि बहात्तर तासांचे गर्भ आम्ही काढले, एक दिवस अल्कोहोलात ठेवले आणि मग चांदीच्या द्रावणात घालून बाटल्या काळ्या कागदात गुंडाळल्या. निघताना रहीमभाईंनी ऊर्ध्वपातित पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या दिल्या. चौथ्या दिवशी गर्भ धुवायचे ते याच पाण्याने, आणि चांदी काळी करणारं पुढचं द्रावणही यातच करायचं. साध्या पाण्यात मीठ असतं आणि मिठाशी गाठ पडली की चांदी दुधासारखी फाटते. तायडे हे सांगताना थोडे गंभीर झाले. आमचं गाव खाऱ्या पट्ट्यात आहे, म्हणाले. वस्तीच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही.

दर्यापूरच्या अलीकडे

बस जिथे थांबली तिथे थांब्याची कसलीच खूण नव्हती. सगळीकडे काळी, भेगाळलेली जमीन, इतकी सपाट की दोन मैलांवरचा बैल दिसावा. भेगांत माझी चप्पल अडकली आणि तिचा अंगठा तुटला. ती दुरुस्त होईपर्यंत मी तायड्यांच्या चपला घालून चालले आणि ते अनवाणी. त्या भुईवरून ते कसे चालले हे त्यांनाच माहीत.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याच्या छपराचं. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याला सुताचा हार. तायड्यांच्या आई दारात उभ्या होत्या, लहानशा, ताठ, हातात तांब्या. त्यांनी पाणी पुढे केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या काय बघत होत्या हे मला एका क्षणात कळलं. मी तांब्या तिथेच उंबऱ्यावर तोंडाला लावून रिकामा केला. पाणी गोड होतं. त्या आत गेल्या आणि भाकरी थापण्याचा आवाज जरा जोरात येऊ लागला.

बाटल्या कणगीत पुरल्या. आई म्हणाल्या, माझ्या जवारीले बाधन तं नाई? मी त्यांना बुचं दाखवली, मेणाने बंद केलेली. मग त्यांनी विचारलं, बाटलीत काय आहे. मी सांगितलं, पिल्लू घडत असतानाचं. त्या "त्याले जल्मू नाई देल्लं मंग," एवढंच म्हणाल्या. माझ्या शिक्षणाच्या सगळ्या वर्षांत मला हे कोणी बोललं नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला, की पोटातलं लेकरू पांगळं का जन्मतं हे कधी तरी यातून कळेल. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की मी पाहुणी म्हणून, ते कळलं नाही.

ते चार दिवस मी आजवर कुठे राहिले नाही इतक्या सुखाने राहिले. सकाळी अंगणात सारवण, दुपारी ओल्या पडद्याआड पडून राहणं, संध्याकाळी बाजेवर कुरड्या आणि आंब्याचा रस. माझ्या बोलण्याची आईंना फार करमणूक होई. "तुमी पुन्याचे लोकं बोलता का वाचता?" असं त्यांनी एकदा मनापासून विचारलं. आईंनी मला कापसाची वात वळायला शिकवलं. माझ्या वाती सुटत आणि आई त्या गुपचूप पुन्हा वळून ठेवत.

चौथ्या दिवशी दुपारी गर्भ काढायचे होते. सकाळी आईंनी आम्हाला कणगीच्या खोलीतून हाकललं आणि निरोपाचा स्वयंपाक केला. पानात तुरीचं वरण आलं. चार दिवसांत वरण प्रथमच. इतकं मऊ, एकजीव वरण मी आमच्या घरीसुद्धा खाल्लेलं नव्हतं. मी तीनदा मागून घेतलं आणि तसं बोलूनही दाखवलं. आई लाजल्या. शेजारच्या दोन घरांतही वाटी गेली. हात धुऊन आत गेले तर रहीमभाईंच्या दोन्ही बाटल्या स्वच्छ घासून कोनाड्यात उपड्या घातलेल्या.

मला कळायला थोडा वेळ लागला. तायड्यांना लगेच कळलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. चांदीत गर्भ ठरल्यापेक्षा जास्त राहिले की काळे होतात, माझ्या अकरा पिल्लांसारखे. अकोल्याची बस गेलेली, पुढची सकाळी. जून पुढे उभा आणि त्याच्यामागे गोगलगायी.

मी ओरडले नाही. त्याहून वाईट केलं. थंड आवाजात म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारायची पद्धत नाही का तुमच्यात?"

'तुमच्यात' हा शब्द तोंडातून गेला आणि मला तो ऐकू आला. मला बाटल्यांच्या मालकीबद्दल बोलायचं होतं, पण त्या घरात, त्या चित्राखाली, तो शब्द कुठे जाऊन लागला हे आईंच्या चेहऱ्यावर दिसलं. तायडे जमिनीकडे बघत राहिले. आई मात्र माझ्याकडेच बघत होत्या.

"आमच्याकडं पाहुना येते तो गोडं पानी आनते," त्या म्हणाल्या. "खाऱ्या गावात याच्याहून मोठी भेट नाई. खाऱ्या पान्यात दाय शिजत नाई. म्या बोटानं चाखलं, गोडं होतं. मले वाटलं, पुन्याच्या पोरीले आपली रीत ठाऊक हाय. म्हून तुले जाताना वरण केलं."

माझ्या पोटात तेच वरण होतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि चुकले म्हणाले. त्या मुलाकडे वळल्या. विचारलं, कसं पानी पायजे तुमाले?

तायडे उठले. त्यांनी एका पेल्यात विहिरीचं पाणी घेतलं आणि चांदीचा एक थेंब सोडला. पेला ताकासारखा पांढरा झाला. आईंनी तो हातात घेऊन उजेडात पाहिला आणि दारात जाऊन हाक मारली. अर्ध्या तासात अंगणात पाच-सहा घरांचे तांबे आले. जो तो आपल्या पाण्याची बाजू घेऊ लागला. दर्यापूरहून टाकीचं आणलेलं पाणी पांढरं झालं. नदीच्या झऱ्याचं झालं. गावातली एकुलती गोड विहीर, जिचं पाणी सारे अमृत समजत, तिच्या पेल्यातही धुकं उतरलं. ते पाहून अंगणात थोडा वेळ फार समाधान पसरलं. आई म्हणाल्या, की त्या विहिरीवर त्यांच्या सासूला उभं राहू देत नसत. "मंग आमी आभाळाकडं पायलं."

असं म्हणून त्या आतल्या कोपऱ्यात गेल्या. तिथे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण होता, तोंडाला फडकं, वर शेणाने लिंपलेलं झाकण. मागच्या हस्ताच्या पावसाचं, पत्र्यावरून धरलेलं पाणी. मला रोज तांब्यातून मिळत होतं ते हेच, हे तेव्हा समजलं. तळाशी घागरभर उरलं होतं. तायडे हळूच म्हणाले, माय, थे पौर्णिमेचं हाय. बुद्धपौर्णिमा तीन दिवसांवर होती, आणि त्या घागरभर पाण्यात वस्तीची खीर शिजायची होती.

आईंनी झाकण काढलं. "टाक थेंब."

थेंब पडला, पसरला आणि नाहीसा झाला. पेला तसाच राहिला.  मी रडत होते, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

गर्भ आम्ही त्या पाण्याने धुतले, त्याच पाण्यात पुढचं द्रावण केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तायड्यांनी बहात्तर तासांच्या एका पिल्लाचा दाढीच्या पात्याने पातळ काप काढला आणि आपलं जुनं पितळी सूक्ष्मदर्शक अंगणात उन्हाकडे आरसा करून ठेवलं. मी डोळा लावायला धजेना. त्यांनी पाहिलं आणि बाजूला झाले. पिवळ्या उजेडात मज्जारज्जूची कड दिसत होती आणि तिच्यातून काळे तंतू निघाले होते, सुटे, बारीक, टोकाशी किंचित फुगीर, पुढे कुठे जायचं ते चाचपत असल्यासारखे. नंतर पुण्याला तिन्ही वयांचे नीट काप पाडले. तास सापडला. सरांनी काच पुष्कळ वेळ पाहिली, चष्मा पुसला आणि गोगलगायींचा विषय पुन्हा काढला नाही.

पण अंगणात माझ्यानंतर आईंनी डोळा लावला. बराच वेळ त्या वाकून राहिल्या.

"वात वळून रायलं कोनीतरी," त्या म्हणाल्या. मग सरळ होत माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुयासारखी नाई. घट्ट."

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने एकटी अकोल्याला गेले. रहीमभाईंना सगळी हकीकत सांगितली. वरणाचं ऐकून ते खुर्चीत मागे रेलून हसले, मग डोळे पुसत म्हणाले, की कोंबडीशाळेच्या पाण्याला असा मान कधी मिळाला नव्हता. त्यांनी चार बाटल्या भरून, गवतात गुंडाळून खोक्यात घालून दिल्या. खोकं मांडीवर घेऊन मी परत आले. थांब्यापासून गावापर्यंत ते डोक्यावर नेलं, आणि भेगांतून चालायची रीत मला तोवर जमली होती.

पौर्णिमेच्या सकाळी वस्तीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढला. तांदूळ धुतलेले, दूध बाजूला. मी चारही बाटल्या आईंच्या पुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली, बूच काढलं, बोटाने चाखलं, आणि बाटली परत खाली ठेवली.

"मधू," त्यांनी मुलाला हाक मारली, "आदी थेंब टाकून पाह्य. पुन्याच्या बाईनं आनलं हाय."

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तायड्यांनी मात्र निमूटपणे पेला आणला, बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि उरलेल्या चांदीतला एक थेंब सोडला. कितीतरी परीक्षा मी दिल्या आहेत, पण त्या पेल्याइतकी धास्ती एकीचीही घेतली नव्हती. आईंनी तो उन्हाकडे धरला. पलीकडचं लिंबाचं झाड आरपार दिसत होतं.

पेला त्यांनी अंगणातल्या मातीत ओतला. मग चारही बाटल्या, एकामागून एक, स्वतःच्या हाताने गंजात रिकाम्या केल्या.

"आता पाहुनी आली," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात ढवळायला पळी दिली.